हद्दीवरचा उतारू

वसुबारसेची संध्याकाळ उतरू लागली, की सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, गोडादरा, उधना आणि पांडेसरा या वस्त्यांतून माणसांचा एक प्रवाह संथपणे पूर्वेकडे सरकू लागतो. खांद्यावर पिशवी, हातात दोरीने बांधलेली साड्यांच्या खोक्यांची चळत, कडेवर पेंगुळलेले मूल आणि मोबाइलमध्ये जपून ठेवलेला आसनक्रमांक अशा सरंजामानिशी ही माणसे पर्वत पाटियापासून कडोदऱ्यापर्यंत रस्त्याच्या कडेने उभी राहतात, आणि अंधारातून दिवे फेकीत येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कपाळावरची पाटी डोळे ताणून वाचू लागतात. पाट्यांवरची नावे असतात साक्री, धुळे, शहादा, शिरपूर, अमळनेर, पारोळा, चोपडा अशी. ज्या गुजराती नगरीत ही माणसे वर्षाचे अकरा महिने राबली, तिच्या भर रस्त्यात त्या रात्रीपुरता अवघा खानदेश मांडलेला असतो. "कोठे चालना रे भाऊ?" असे कुणी अहिराणीत विचारले, तर उत्तरात तालुका येत नाही की जिल्हा येत नाही; "गावले" एवढेच येते, आणि विचारणाऱ्याला तेवढे पुरते.

मीही त्याच प्रवाहातला. माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातून सुरतेस आले, यंत्रमागावर रुजू झाले, आणि मला महापालिकेच्या मराठी शाळेत घालून त्यांनी या शहराशी आपला ऋणानुबंध पक्का केला. गावच्या घराला कुलूप लागले, पण ते दिवाळीला उघडायचे, देव्हाऱ्यात दिवा लावायचा आणि भाऊबीज झाली की पुन्हा लावून यायचे, हा आमच्या घरचा नेम कधी चुकला नाही. त्यामुळे सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा हा रस्ता मी बालपणापासून रात्रीच्या अंधारात इतक्या वेळा कापला आहे, की कोणत्या वळणावर मुले रडू लागतात आणि कोणत्या चढावर गाडीचा सूर बदलतो हे मला डोळे मिटूनही सांगता यावे. घाट, दरी, चोर, पाऊस ही भये त्या रस्त्यावर आहेतच. परंतु इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात त्या सर्वांच्या मुळाशी मला एकच उणीव दिसत आली आहे, ती ही, की आपला मुलूख सोडून परमुलखातून जाणारा उतारू कुणाच्याच नावावर नसतो. गेल्या दिवाळीच्या एका रात्रीत त्या उणिवेचा जो अनुभव आला, तो आणि त्यानिमित्ताने जे पाहिले, विचारले, वाचले, ते येथे क्रमाने मांडतो.

* * *

गाडीची वेळ रात्री साडेनऊची होती. दहा वाजता दूरध्वनीवरून सांगण्यात आले, की गाडी निघाली आहे. अकरा वाजता पुन्हा तेच सांगण्यात आले. साडेअकरानंतर दूरध्वनी कुणी उचलीना. रस्त्याच्या कडेला निवारा नव्हता, बाक नव्हता, प्रसाधनगृह नव्हते. स्त्रिया एकमेकींना आडोसा धरून अंधाराकडे जात आणि परत येईपर्यंत पिशव्यांवर दुसऱ्या कुणाची तरी मुले राखण बसत. सव्वाबारा वाजता जी गाडी आली ती ठरलेली नव्हतीच. ती लहान होती, तिच्यातले क्रमांक आमच्या तिकिटांवरच्या क्रमांकांशी जुळत नव्हते, आणि ज्यांनी झोपून जाण्याच्या जागेचे पैसे भरले होते त्यांना बसण्याच्या जागेवर समाधान मानावे लागले. टपावर कापडाचे गठ्ठे आधीच चढले होते. मागच्या संकटकालीन दारासमोरही गठ्ठ्यांची थप्पी लागली होती. कुणी तक्रार केली, त्याला क्लीनरने उत्तर दिले, "यायचं तर या, नाहीतर पैसे ऑफिसात मागा." ऑफिस अर्थातच बंद होते.

माझ्या शेजारच्या जागेवर एक आजी येऊन बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगावर जुन्या वळणाचे नऊवारी लुगडे, मांडीवर औषधांची पिशवी आणि तिच्यातच वातींची पुडी. नातू त्यांना गाडीत बसवून, "मामा, आजीले साक्रीले उतारी द्याल," असे मला सांगून खाली उतरला. मला तो पूर्वी कधी भेटला नव्हता, तरी मी हो म्हटले. आजींना गावच्या बंद घरात लक्ष्मीपूजनाचा दिवा लावायचा होता. तेवढ्यासाठी त्या निघाल्या होत्या. गाडी कडोदऱ्याच्या पुढे गेली न गेली तोच त्यांनी पहिल्यांदा विचारले, "साक्री उनं का रे, भाऊ?"

वाचकाने येथे कायद्यातला एक भेद लक्षात घ्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार प्रवासी वाहतुकीचे परवाने मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. एका परवान्याखाली गाडी ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या थांब्यांवर, प्रत्येक उतारूकडून वेगळे भाडे घेऊन धावते. राज्य परिवहनाची गाडी ती या प्रकारची. दुसऱ्या परवान्याखाली अख्खी गाडी एका कराराने एका पक्षाला दिली जाते, जशी वऱ्हाडाला वा यात्रेला दिली जाते, आणि वाटेत उतारू चढवण्याउतरवण्याची तिला मुभा नसते. लांब पल्ल्याच्या बहुतेक खासगी गाड्यांपाशी परवाना असतो तो या दुसऱ्या प्रकारचा, व्यवहार मात्र चालतो पहिल्या प्रकारचा. कागदोपत्री ती सहल असते. प्रत्यक्षात पर्वत पाटियाला, कडोदऱ्याला, बाजीपुऱ्याला हात दाखवणाऱ्या प्रत्येकाला ती उचलीत जाते. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०१८ मध्ये निर्णय काढून अशा खासगी गाड्यांचे भाडे एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक असू नये अशी मर्यादा घातली. पण तो हुकूम महाराष्ट्राचा, आणि आमचे तिकीट फाटते गुजरातेत. हे तिकीट ज्या कराराचे असते त्यात उतारूचे नावच नसते, आणि ज्याचे नाव नाही त्याच्या गैरसोयीची नोंद कोण, कुठे आणि कशी घेणार?

सुरतेतल्या इतर परगावच्या मंडळींची स्थिती निराळी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत शहरातल्या वाहतुकीवरून वाद उपस्थित झाला, तेव्हा सौराष्ट्राकडून येणाऱ्या खासगी गाड्यांनी नगरात शिरण्याचे सोडून वालक पाटियाशीच उतारू उतरवण्यास आरंभ केला, आणि हिऱ्यांच्या कारखान्यांत काम करणारी रत्नकलाकारांची कुटुंबे सामानसुमानासह भल्या पहाटे रिक्षा शोधीत हिंडली. भांडण ज्यांचे होते ते सर्व नावानिशी ओळखता येत होते. भोगणारे मात्र निनावी होते.

* * *

बारडोलीचा परिसर मागे पडून गाडी व्याऱ्याच्या दिशेने धावू लागली, की उसाच्या शेतांचा ओला वास आत येतो आणि आपण एका फार पुरातन वाटेवर आहोत याची जाणीव जागी होते. मोगलाईत सुरत हे साम्राज्याचे बंदर आणि बऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या कारभाराचे ठाणे. या दोहोंना जोडणारा तापीच्या खोऱ्यातला मार्ग व्यारा, नवापूर, नंदुरबार या गावांवरूनच जाई. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला तो याच बाजूने. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने नवापूरच्या बारीक, शुभ्र तांदळाला कस्तुरीचा गंध येतो असे कौतुकाने लिहून ठेवले. आणि १६३० च्या भीषण दुष्काळात येथून गेलेल्या पीटर मंडी या इंग्रजाने प्रेतांनी भरलेल्या वाटेचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना आजही हात थरथरतो. त्या काळी एकटादुकटा मनुष्य या रानातून जाण्याचे धाडस करीत नसे. काफिला जमे, त्याचा एक म्होरक्या असे, गाड्या, बैल आणि रखवालदार यांची मोजदाद होई, आणि मुक्कामी पोचल्यावर कोण मागे राहिले याचा शोध घेतला जाई. त्या काळाच्या हालांना सीमा नव्हती. परंतु काफिल्यात शिरलेल्या माणसाची गणती करणारा कुणीतरी होता, हे आपण विसरू नये.

सोनगडच्या डोंगरावर किल्ल्याची काळी आकृती चांदण्यात दिसते. अठराव्या शतकात गायकवाडांच्या सत्तेने प्रथम जेथे मूळ धरले ते हे ठिकाण. इंग्रजी अमदानीत सुरतेहून निघालेला इसम काही कोसांतच बडोदे सरकारच्या नवसारी प्रांतात शिरे, व्यारा-सोनगड ओलांडी, आणि मग पुन्हा इंग्रजी अंमलाखालच्या खानदेशात उतरे. अर्थात एका रात्रीच्या वाटेत त्याचे दोनदा राज्य बदले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मे महिन्यात बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच्या आधल्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली होती. त्यामुळे पुढची अकरा वर्षे सुरत, व्यारा, नवापूर आणि धुळे ही गावे एकाच सरकारच्या दफ्तरात आणि एकाच परिवहनाच्या छत्राखाली नांदली. १ मे १९६० रोजी दफ्तरे वाटली गेली. पश्चिम खानदेशातली उच्छल-निझरकडची गावे गुजरातेत गेली, गुजरातचे परिवहन महामंडळ स्वतंत्र झाले, आणि तापीच्या खोऱ्यातल्या या वाटेवर कायमची एक हद्द आखली गेली.

ती हद्द जिथे डोळ्यांना दिसते ते स्थळ नवापूर. तेथील रेल्वे स्थानकाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात आहे, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध रेघ ओढून अर्ध्या बाकावर एका राज्याचे व अर्ध्यावर दुसऱ्या राज्याचे नाव रंगवलेले आहे. लोक तेथे हौसेने छायाचित्रे काढून घेतात. त्या बाकाशी मीही अनेकदा थांबलो आहे, आणि दर वेळी मला असे वाटले आहे, की रेल्वेने हा प्रश्न किती साध्या रीतीने सोडवला! बाक दोन राज्यांत असला तरी गाडी एक आहे, तिकीट एक आहे, गाडीच्या उशिराची नोंद एक आहे. रस्त्यावर मात्र हद्द लागली, की सगळेच बदलते. महाराष्ट्राच्या एसटीने २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना विनामूल्य आणि २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत दिली. ती सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच चालते. शासनाच्या तिजोरीचा हिशेब पाहता ते समजण्याजोगे आहे. तरीही जी बाई जन्माने, भाषेने आणि शेताच्या सातबाऱ्याने खानदेशची आहे, तिचे म्हातारपण नवापूरच्या अलीकडे एका दराचे आणि पलीकडे दुसऱ्या दराचे ठरते, हे त्या रात्री शेजारी बसलेल्या आजींकडे पाहताना मनाला लागून राहिले.

"साक्री उनं का रे, भाऊ?" आजींनी नवापूरला विचारले. मी म्हटले, "नाही आजी, अजून घाट आहे."

* * *

विसरवाडी मागे पडली, कोंडाईबारीचा चढ सुरू झाला, आणि पहाटे चारच्या सुमारास गाडीने एक दीर्घ कण्हणे काढून प्राण सोडला. दिवे गेले. चालकाने उतरून बॅटरीच्या उजेडात इंजिनाकडे पाहिले, दोनदा प्रयत्न केला, आणि मग तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भय नव्हते. केवळ थकवा होता. मी जवळ जाऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, सकाळी अकराला शिरपूरहून आलो. दोन तास पाठ टेकली. मग गठ्ठे भरून घेतले. सणाचे दिवस, दुसरा माणूस नाही." तो सुमारे तिशीचा होता. गाडी बंद पडली हे त्या क्षणी मला अपघाताइतकेच वरदानही वाटले, कारण हा मनुष्य पुढचा घाट अशा डोळ्यांनी चढणार आणि उतरणार होता.

कोंडाईबारीचे नाव ऐकताच खानदेशातल्या माणसाच्या मनात एक तारीख उभी राहते. २१ ऑक्टोबर २०२० रोजी मलकापूरहून सुरतेकडे निघालेली खासगी बस रात्रीच्या अंधारात याच घाटात, विसरवाडीजवळ, दरीत कोसळली; पाच जण मृत्युमुखी पडले आणि तीसहून अधिक जखमी झाले. टाळेबंदीत गावी गेलेली माणसे तेव्हा हळूहळू कामावर परतू लागली होती. सुरतेच्या दुसऱ्या वाटेवर, सापुताऱ्याच्या घाटात, ७ जुलै २०२४ रोजी सुरतेच्या सहलकऱ्यांची बस दरीत गेली आणि दोन बालके दगावली. पुढच्याच फेब्रुवारीच्या २ तारखेला त्र्यंबकेश्वराचे दर्शन घेऊन द्वारकेकडे चाललेल्या यात्रेकरूंची बस त्याच परिसरात कोसळून पाच जण गेले. आणि शासकीय गाडी म्हणजे अभय असेही समजू नये: ५ फेब्रुवारी २०१६ रोजी नवसारीजवळ पूर्णा नदीच्या पुलावरून गुजरात एसटीची बस खाली पडली आणि तीत चाळीसच्या आसपास माणसे प्राणास मुकली. प्रत्येक अपघाताचे कारण निरनिराळे असेल; परंतु रात्रीची वेळ, घाटाचा उतार, थकलेला चालक आणि प्रमाणाबाहेर लादलेली गाडी यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या, की तिसरीची वाट पाहावी लागत नाही.

चालकाच्या थकव्याबद्दल आपला कायदा मुका होता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. युरोपात साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास थांबणे बंधनकारक असते, आणि ते पाळले की नाही हे गाडीतले यंत्रच नोंदवून ठेवते. आपल्याकडे कायदा साठ वर्षांपूर्वी झाला. ती नोंद मात्र त्या दगडावर बसलेल्या तरुणाच्या लाल डोळ्यांखेरीज दुसरीकडे कुठेही नव्हती. त्यालाही कुणाच्या वहीत स्थान नव्हते. उतारू जसा बेवारस, तसाच त्याचा सारथीही.

मुले उठून रडू लागली होती. खाली पाव-अर्ध्या कोसावर चहाची एक टपरी होती. तिच्या मालकाने, कुणी न सांगता, चूल पेटवली, एका भिल्ल कुटुंबातल्या बायांनी अंगणातली खाट आमच्यातल्या एका बाळंतिणीसाठी बाहेर काढून दिली, आणि दुधाचे पैसे कुणी देऊ लागले तर "पोरांचे नाही घेत" असे सांगून तो मनुष्य पुन्हा भांड्याकडे वळला. दरम्यान क्लीनरने मागून येणाऱ्या दोन खासगी गाड्या थांबवल्या. दोघांनीही आमची तिकिटे नाकारली आणि साक्रीपर्यंतचे भाडे नव्याने मागितले. ज्यांच्याजवळ पैसे होते ते गेले. उरले ते बहुधा अशा घरातले, जिथे दिवाळीचा बोनस आधीच साड्यांत आणि उधारीत विरघळला होता.

* * *

त्या टपरीवर उजाडण्याची वाट पाहत असताना एका सहप्रवाशाने मला विचारले, "याची तक्रार करायची तर कुठं करायची?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझी जीभ अडखळली. तिकीट सुरतेत घेतले, गाडीची नोंदणी तिसऱ्याच ठिकाणची, गाडी बंद पडली नंदुरबार जिल्ह्यात, आणि तक्रारदार धुळे जिल्ह्यातला. कायद्याची दारे बंद आहेत असे म्हणता येणार नाही. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा मृताच्या वारसाला स्वतः राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणापुढे लावता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानेही तक्रारदाराला आपल्या गावच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. न्यायाने माणसाच्या मागोमाग त्याच्या गावापर्यंत यावे, हे तत्त्व आपल्या संसदेने मान्य केले आहे. मात्र सातशे रुपयांच्या तिकिटासाठी, चार दिवसांच्या सुटीवर आलेला मागवाला कोणत्या आयोगाची पायरी चढणार? दरीत पडलेल्याच्या वारसांना वाट दाखवणारा कायदा घाटात रात्रभर तिष्ठणाऱ्याच्या हाती त्या घटकेला काहीच देत नाही.

इतरत्र याचा विचार झाला आहे. हद्दींचा त्रास युरोपाइतका कुणी भोगला नसेल. १९५७ च्या १५ एप्रिलला लंडनहून वीस उतारूंना घेऊन 'इंडियामॅन' नावाची बस निघाली आणि अनेक देश ओलांडीत ५ जूनला कलकत्त्यास पोचली. परतताना साथीच्या रोगामुळे इराण-पाकिस्तानची सरहद्द बंद झाल्याने ती लंडनला सोळा दिवस उशिरा पोचली. परंतु तिचा मालक गॅरो-फिशर स्वतः चाकावर बसला होता; उशीर झाला तरी उतारूंचा भार कुणावर आहे याविषयी संदेह नव्हता. आज तेच तत्त्व युरोपीय संघाने नियमात बसवले आहे. १ मार्च २०१३ पासून लागू झालेल्या त्या नियमानुसार अडीचशे किलोमीटर वा त्याहून लांबच्या मार्गावर गाडी सुटण्यास दोन तासांहून अधिक विलंब झाला, तर उतारूला पर्यायी गाडी किंवा पैसे परत यांतून निवड करण्याचा हक्क मिळतो, आणि वाहतूकदाराने ती निवडच दिली नाही तर भाड्याच्या निम्मी रक्कम वर द्यावी लागते. तीन तासांहून लांबच्या प्रवासात गाडी दीड तासाहून अधिक रखडली, की खाण्यापिण्याची सोयही करावी लागते. हा हक्क एका देशात सुरू होऊन दुसऱ्यात संपत नाही. तिकीट जिथे जाईल तिथे तो जातो.

सुरत शहराला तर या विषयाचे अधिक अगत्य वाटले पाहिजे, कारण हे शहर संकटाच्या वेळी आपली माणसे रस्त्यानेच परत पाठवीत आले आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लाखो लोक चार-दोन दिवसांत गाड्यांना लोंबकळत बाहेर पडले. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने घरे बुडाली तेव्हा कामगारांची कुटुंबे पुन्हा गावाकडे गेली. २०२० च्या टाळेबंदीत वाहने बंद असताना कित्येकांनी हाच रस्ता पायी तुडवला. २०२१ च्या दिवाळीत महाराष्ट्रात एसटीच्या कर्मचाऱ्यांचा संप पेटला, आणि आमच्यातल्या अनेकांना नवापूरपर्यंत एका गाडीने, तेथून मिळेल त्या वाहनाने जावे लागले. अशा वेळी प्रत्येक राज्य आपापल्या हद्दीपर्यंतचा बंदोबस्त करते, आणि हद्दीवरचा उतारू दोहोंच्या दृष्टीआड होतो.

उपाय असाध्य नाहीत. राज्याराज्यांत परस्पर वाहतुकीचे करार करण्याची तरतूद मोटार वाहन अधिनियमात आहेच. त्या करारांत फेऱ्यांच्या संख्येबरोबर सणासुदीच्या जादा गाड्या आणि उतारूंच्या तक्रारींची एक सामाईक कचेरी यांचाही समावेश व्हावा. एकाच भागातल्या उतारूंनी मिळून पूर्ण गाडी आरक्षित केल्यास ती त्यांच्या वस्तीच्या दाराशी आणण्याची सोय गुजरात एसटीने सुरतेत दिवाळीसाठी केली आहे. ती लिंबायत-डिंडोलीच्या खानदेशी वस्त्यांसाठी महाराष्ट्राच्या आगारांशी जोडून घेता येईल. खासगी गाड्यांना व्यवहार जसा आहे तसा परवाना द्यावा, आणि त्याबरोबर उतारूंची यादी, दोन चालक, मोकळे संकटकालीन दार आणि गाडी बंद पडल्यास पर्यायी गाडीची जबाबदारी या अटी काटेकोरपणे लावाव्यात. पर्वत पाटियाला चार भिंतींचा, दिव्याचा, पाण्याचा आणि प्रसाधनगृहाचा एक निवारा उभारण्यास तर कोणत्याच अधिनियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

* * *

सव्वासहाच्या सुमारास खालच्या वळणावरून लाल रंगाची एसटी वर येताना दिसली. हात दाखवण्याआधीच ती थांबली. वाहक खाली उतरला, त्याने बंद गाडीकडे आणि आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "सगळे या. आधी म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या." गाडी आधीच भरलेली होती, तरी आतल्या उतारूंनी कुरकुर न करता मुले मांडीवर घेतली आणि पिशव्या पायांखाली सरकवल्या. वाहकाने एकेकाला तिकीट दिले, आजींच्या आधार कार्डावर पत्ता अजून गावचाच होता, तो पाहून त्याने शून्य रकमेचे तिकीट काढून त्यांच्या हातात दिले आणि म्हणाला, "आजी, हे जपून ठेवा."

गर्दी जरा स्थिरावल्यावर मी त्याला विचारले, "पैसे घ्यायचे नाहीत, मग तिकीट कशाला?"

"मोजदाद लागते ना, भाऊ," तो म्हणाला. "पूर्वी चिमट्यानं तिकीट फाडायचो, वेबिलावर हातानं लिहायचो. आता मशीन आहे. पण गोष्ट तीच. जितकी तिकिटं निघाली, तितकी माणसं माझ्या नावावर. गाडीला काही झालं तर मला सांगावं लागतं, किती होती, कुठून चढली, कुठं उतरायची होती."

रात्रभर ज्या प्रश्नाने मला घेरले होते, त्याचे उत्तर हा मनुष्य रोज सकाळी आपल्या कामाचा भाग म्हणून देत होता. काफिल्याच्या म्होरक्याने जे केले, इंडियामॅनच्या मालकाने जे केले, युरोपीय संघाच्या नियमाने जे लिहिले, ते सगळे त्याच्या एका वाक्यात सामावले होते. रस्ता रुंद होईल, गाड्या वातानुकूलित होतील, घाट फोडून सरळ होईल. परंतु परमुलखात निघालेल्या माणसाला सर्वांत आधी हवे असते ते हे, की कुठल्यातरी वहीत आपले नाव, निदान आपला आकडा लिहिलेला असावा, आणि तो चुकला तर कुणाला तरी खुलासा द्यावा लागावा. ती वही सुरतेत उघडून नवापूरला मिटता कामा नये, एवढेच माझे मागणे आहे.

घाट उतरला. दहिवेलच्या पुढे कापसाच्या शेतांवर कोवळे ऊन पसरू लागले, आणि कुणाच्या तरी पिशवीतून कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा निघून हातोहात मागपर्यंत फिरला. आजी खिडकीशी बसल्या होत्या. आता त्या विचारत नव्हत्या. शून्य रकमेचे तिकीट मुठीत धरून बाहेर पाहत होत्या. बसस्थानकाच्या कमानीखाली गाडी वळली तेव्हा वाहकाने त्यांच्याकडे पाहून मोठ्याने म्हटले, "आजी, साक्री उनं!" त्या उठल्या, वातींची पुडी पिशवीत नीट आहे ना हे त्यांनी चाचपून पाहिले, आणि मी हात पुढे केला तेव्हा तो धरून एकेक पायरी सावकाश उतरल्या.